मर्व्हच्या लेकीचा पलंग

“लोखंड घाल, लोखंड! कागदासारखी तकलादू कामं माझ्या शेडमध्ये नकोत!”

मर्व्ह वेल्डरचा हा आवाज नोरीनने लहानपणी कुंपणापलीकडून ऐकलेला. आज ती डब्बो गावच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर रांगेत उभी होती, तर पुढच्या कॅम्पर ट्रेलरमधून तोच आवाज लेकीवर खेकसत होता.

“ॲल्युमिनियमचा पलंग, तोही छताला टांगलेला! झोपायचं की झोके घ्यायचे?”

“बाबा, ती दोरी ओढ. एका हाताने.”

“हल्ली एका हाताने मला चहाचा मग उचलवत नाही.”

“म्हणूनच म्हणते, ओढ.”

कप्प्या फिरल्या आणि पलंग पिसासारखा अलगद वर गेला.

“हं. पण चौकटीला एवढी भोकं? उंदीर लागले का गं?”

“वजन घटवायला मीच पाडलीत. ट्रेलर मर्यादेबाहेर गेला, तर यंदा किंबर्लीची सहल विसर.”

“मग राहू घरी. त्यात काय!”

“नकाशा उशाशी घेऊन झोपतोस, आणि म्हणे त्यात काय!”

तेवढ्यात काटेवाला खिडकीतून ओरडला, “बसला मर्यादेत! मर्व्ह, पलंग झकास जमलाय. तूच केलास ना?”

मर्व्हने टोपी काढली.

“माझ्या शार्लीनने केलाय. मला नसता जमला.”