जवायाच्या नावाची लेयर

लग्नाची व्हिडिओ पत्रिका बनवान तं एक ध्यानात ठेवा, फायनल काढ्याच्या आंधी घरच्या जवायाले दाखवा.

मंगरूळपीरच्या माह्या व्हिडिओच्या दुकानात शेलूबाजारचे एक जवाई आले. त्यायच्या साळीचं लग्न होतं. बनवलेली पत्रिका पाहून म्हणे, "पत्रिकेत माहं नाव सगळ्यायच्या मांगून काहून येते?"

मी त्यायच्या नावाची लेयर, म्हंजे व्हिडिओतली नावाची पट्टी, पयली घेतली. व्हिडिओ पाहून ते अजूनच भडकले. "आता माहं नाव सगळ्यायच्या आंधी निंघून जाऊन राह्यलं! मांडवातून जवाई पयले उठून जाते का?"

म्हटलं, "जे पयले येते ते पयले जाते, भाऊजी."

"मंग जाऊच देऊ नको."

मी लेयर शेवटपर्यंत ताणली. नवरी आली, नवरदेव आला, मुहूर्त आला, वर जवायाचं नाव कायम. ते खूश झाले अन् व्हिडिओ साऱ्या गावाले पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्यायच्या बायकोचा फोन आला. "दादा, लोकं मले इचारून राह्यले, तुह्या नवऱ्याचं दुसरं लगन हाय का? यायचं नाव सगळ्यात मांगं टाका."

मले काहीच करा नाही लागलं. नाव मांगं असलेली पयली फाईल ठेवलेलीच होती, तीच पाठवली. जवायाच्या कामात मी सेव्ह ॲज केल्याबिगर माऊसले हात लावत नाही.