आप्पांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ

...आणि एवढं सगळं झाल्यावर, तुकडे पोत्यात भरता भरता आमची मंडळी वर मलाच म्हणते, सगळं जागच्या जागी हुतं! आता तुमाला सांगतो, तीस वर्षं एसटी चालवली मी, गाडीला आडव्या आलेल्या म्हशींना अशा शिव्या घातल्यात की त्यांनी माना फिरवल्या, पण त्या कॉम्प्युटरनं मला जेवढं छळलं तेवढं... न्हाई, सांगतोच.

पोरगी जयमाला लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर आमच्या तिसगावच्या घरात ठेवून गेली. मला वाटलं, राहील पडून. पण आमच्या केशरबाईनं, म्हणजे मंडळीनं, पन्नाशीत क्लास लावला! दोन महिने शिकली, आणि दिवाळीला फळी आवरतात तसा कॉम्प्युटर आवरायला घेतला. जयमालाचं फोल्डर, नणंदेचं फोल्डर, म्हशीच्या विम्याचं फोल्डर, अहो, भाऊबंदकीच्या भांडणाचंसुद्धा फोल्डर! मी म्हटलं, आगं, पसारा हुता तवा मला सगळं सापडत हुतं की. तर म्हणे, आता सगळं जागच्या जागी हाय.

बरं. गेल्या साली आप्पांचं वर्षश्राद्ध आलं. आप्पा म्हणजे माझे वडील, नाव कारभारी. तोफ हो, तोफ! माणूस बोलायला लागला की शेजारच्या गोठ्यातली गाय दूध चोरायची. त्यांचा एकच व्हिडिओ, चाळीस सेकंदांचा, मीच जुन्या फोनवर काढलेला, आता त्या कॉम्प्युटरातच उरलेला. त्यात काय हाय? बाजेवर बसून मला अखंड शिव्या देतायत. पण आवाज तेवढाच उरलाय हो त्यांचा! आणि माझी थोरली बहीण राहीबाई, राळेगणला दिलेली, आप्पा गेले तवा दोन तास उशिरा पोचली. शेवटचं बोलणं झालंच न्हाई. ती फोनवर म्हणाली, "गोरक्ष, जेवण नको, काय नको. आप्पांचा आवाज तेवढा ऐकव."

मी बसलो शोधायला. कारभारी टाकलं, न्हाई. आप्पा टाकलं, न्हाई. वडील टाकलं, तर फेटा बांधून सासरा निघाला, 'माझे वडील' असं फोल्डर केलेलं बाईनं! ओरडून विचारलं, तर हिचे हात वड्याच्या पिठात. म्हणे धा मिनिटं थांबा, दावते, सगळं जागच्या जागी हाय. धा मिनिटं? तिकडं राहीबाईच्या गाडीनं करंजीचा घाट ओलांडला हुता! धा मिनिटं कशी थांबायची?

माऊस आपटला. कीबोर्डवर असा गुद्दा घातला की बटणं उडाली मक्याच्या दाण्यावानी. खालच्या डब्याला लाथ हाणली, तर अंगठा माझाच मोडला, कट्‌कन आवाज आला हो... मग मात्र मस्तकात गेली. अंगणातली पहार आणली. पहिला घाव पडद्यावर, दुसरा डब्यावर, तिसऱ्याला पत्रा उसवला, चौथ्याला आतला पंखा गरगरत चुलीपाशी जाऊन पडला. टाळकं फोडतो तुझं, आतडी बाहेर काढतो, भाड्या, माझा बाप गिळून बसतो व्हय? दे माझा बाप!

केशरबाई दारात. शांत. "न्यू फोल्डरात हुतं की," म्हणाली. "पहिल्यात तुमी, दुसऱ्यात मामंजी. तुमची दोघांची नावं मी कशी टाकू?"

आता बोला! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं माझं नाव, त्यानंतर तेहतीस वर्षं जे तोंडातून काढलं न्हाई ते ही बाई बोटांनी लिहील? कॉम्प्युटरनं आपण होऊन जे नाव ठेवलं तेच तिनं राहू दिलं. आणि मी शहाणा, न्यू म्हणजे नवं, नवं म्हणजे रिकामं असणार, म्हणून ते दोन उघडलेच न्हाईत!

मागं वळलो तर राहीबाई. हातात पिशवी, डोळे मिटलेले. मला वाटलं, आता ही चप्पल काढती. मी हात जोडले, म्हटलं आक्का, मीच फोडला, आप्पांचा आवाज गेला. ती लई रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणते, "फाट्यापासनं ऐकत आले मी. मला वाटलं, आप्पाच हायेत."

पाथर्डीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं पोत्यात डोकावून बघितलं, आणि पोत्याचं तोंड बांधून परत दिलं. संपलं. आता दर अमावस्येला सकाळी राहीबाईचा फोन येतो, गोरक्ष, जरा शिव्या दे. मी म्हणतो, आक्का, राग काय नळाचं पाणी हाय, चावी फिरवली की यायला? पण बहीण हाय, काय करता... दार लोटून घेतो, बाजेवर मूठ आपटतो, आणि देतो जमतील तशा, मोजून चाळीस सेकंद. ती ऐकते, आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणते, "न्हाई रे. आप्पा मनापासनं द्यायचे."