सहीच्या वहीचं पहिलं पान

सन्माननीय अध्यक्षमहाराज, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते निबंधकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर आणि बाजार संकुलातील माझ्या बंधुभगिनींनो,

मी पत्र्याचे डबे आणि चाळण्या करणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, पण संकुलाची नियमावली मी स्वतः वाचली आहे, तळटीपांसकट.

तीन वर्षांपूर्वी आपण ठराव केला, की पाच पत्रेवाल्यांच्या ठोकाठोकीने गिऱ्हाईक पळतं, तेव्हा मागची रांग रिकामी करावी. बाजूने बेचाळीस, विरोधात आम्ही पाच. कापडवाले दादा म्हणाले, "अरे, लोकशाही आहे, हात मोज!" मोजले होते, दादा. एकाने दोन्ही वर केले होते, तो एकच धरला.

ठराव मंजुरीसाठी साहेबांकडे गेला. त्यांनी विचारलं, "या पाचांचं म्हणणं कुठे लिहिलंय?"

सेक्रेटरी म्हणाले, "बहुमत आहे ना, साहेब!"

"मग बहुमताने भिंतींचा रंग ठरवा. शेजाऱ्याने जगावं कसं, ते नको." ठराव परत आला.

खरं सांगतो, तेव्हा मला साहेबांचाही संशय आला. तोंडावर विचारलं, "उद्या तुम्हीच फिरलात तर?" ते म्हणाले, "माझ्यावर विसंबू नकाच. वर न्यायालय आहे. तीस दिवसांत जा." स्वतःविरुद्धची वाट दाखवणारे अंमलदार आपण किती पाहिलेत?

अशा माणसाचा सत्कार व्हायलाच हवा. पण ज्यांचा ठराव बुडाला, त्यांनाच एवढा उमाळा का यावा? हार इतका जाड का?

येताना दारात आपण सत्काराची हजेरी म्हणून वहीत सह्या केल्या. मीही केली, मग पानं उलटून पाहिली. पहिल्या पानावर लिहिलंय: 'विशेष सर्वसाधारण सभा. विषय: ठरावांना निबंधकांची मंजुरी घेण्याची अट रद्द करणे.' म्हणजे आपल्या सह्या या ठरावाखाली लागणार.

नको, अध्यक्षमहाराज, चिठ्ठी नको. 'आवरतं घ्या' हे न वाचताही कळलं.

दादा, तुमचीही सही आहे. आज आम्ही पाच आहोत. उद्या दुकानं वरच्या मजल्यावर न्यायची ठरली, तर जिना चढू न शकणारे किती निघतील? हात तेव्हाही मोजले जातील, आणि विचारणारं वर कुणी नसेल.

साहेबांचा कार्यभार सहापर्यंत आहे, तोवर हरकत त्यांच्याकडेच नोंदवता येते, मी कचेरीत विचारून आलोय. आता पावणेपाच झालेत. वही ही इथे, त्यांच्यासमोर ठेवतो. चौदाव्या ओळीतली सही माझी, ती मी खोडली आहे. बाकीच्या तुमच्या हातात.

साहेब, आपलं आमच्यावर ऋण आहे. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. मात्र ते पान वाचल्याशिवाय जेवायला उठू नका.