तोफेचा डोळा

चहा घ्या, तोवर त्या तोफेचं सांगतो. ती जहाजावर बसवायची होती. जहाजावर चालून येणारं क्षेपणास्त्र ती स्वतः बघते, स्वतः वळते आणि स्वतः पाडते. माणसाने हात लावायचा नाही. ती ज्या कड्यावर फिरते, ते कडं अंबडच्या कारखान्यात मी लेथवर केलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी आरमाराचे साहेब चाचणीला आले. तोफेत गोळ्या नव्हत्या. समोरून तारेवर चेंडू सोडायचा आणि तिने त्याच्याकडे वळायचं, एवढंच. चेंडू गेला. ती ढिम्म हलली नाही.

आमचा इंजिनियर लगेच म्हणाला, "कडं अडकलंय. मिस्त्री, हे परत करावं लागणार."

"माझं कडं अडकत नाही. वीज बंद करा."

वीज बंद झाल्यावर मी एका हाताने तोफ फिरवून दाखवली. मग साहेबांना विचारलं, "ही बघते कुठून?"

त्यांनी वरची काच दाखवली. मी स्टुलावर चढलो. काचेच्या मधोमध कुंकवाचं बोट होतं. खंडेनवमीला मीच लावलेलं.

गुपचूप पुसलं असतं, तर कड्यावर संशय राहिला असता. म्हणून म्हणालो, "साहेब, इथं कुंकू आहे." पुसलं. वीज चालू करून चेंडू सोडला, तशी तोफ गर्रकन वळली.

"कुंकू कोणी लावलं?" साहेबांनी विचारलं.

"मी. चाळीस वर्षं सगळ्या मशिनींना लावतोय. डोळा असलेली ही पहिलीच."