सतरा नंबर आणि गुरुवारची पाळी

—अहो, थांबा, ती वायर गुंडाळू नका! आपण नव्या कॉम्प्युटर लॅबचे ना? म्हणजे जनरेटर तुमचा — मग एक लाइन द्या इकडे, या फ्रीजरला, एकच! आज गुरुवार, वीज गेली ती संध्याकाळपर्यंत येत नाही — पुण्यातच राहता ना? आणि बर्फवाल्यानं आज हात वर केले.

मी गोपाळकृष्ण, पश्चिम विभाग मेंदू-रसायन परिषदेचा सचिव — हसा, हसा, एके काळी साठ सभासद होते. परिषद काय करते म्हणता? अधिवेशनं, भाषणं, श्रीखंड-पुरी — झालं तेही. पण खरं काम हे. यात एकेचाळीस माणसांच्या मेंदूचे तुकडे आहेत, घरच्यांनी विश्वासानं दिलेले. गारवा उतरला की त्यातली रसायनं गेली — संपलं, फेकून द्या. म्हणून दर गुरुवारी एकेका सभासदाची पाळी — स्कूटरवरून कोरडा बर्फ आणायचा, आत भरायचा. एकोणीस वर्षं चुकलं नाही. मग दिगंबर अमेरिकेला गेला, चैतालीला हिंजवडीत नोकरी लागली — बरोबरच आहे हो, मेंदूच्या रसायनानं चूल पेटत नाही. उरलो मी. सगळे गुरुवार माझे.

नावं? नावं नाहीत, नुसते नंबर — नियम मीच केला. पण सतरा नंबर… आमची राधा. शेवटी शेवटी मला विचारायची, "काका, आपण कोण?" — पस्तीस वर्षांचा संसार, आणि काका! मी म्हटलं, का विसरलीस ते आज ना उद्या कुणीतरी शोधून काढेल, मी फक्त गार ठेवतो. एवढंच काम. म्हाताऱ्याला जमेल ना? जमलं — म्हणजे जमतंच — गेला गुरुवार सोडला तर… ताप होता हो. जरा डोळा लागला. उठलो तर दिवेलागण झालेली.

जोडलीत? देव तुमचं भलं करो! ऐका — घरघर सुरू झाली.

काय? आठवडाभराचं तापमान नोंदवते ती तबकडी? आहे की, त्या कागदाखाली. 'हात लावू नये' — हो, अक्षर माझंच. गेल्या शुक्रवारी चिकटवला. नको — अहो, सोडवू नका तो, पाया पडतो! घरघर ऐकू येतेय ना? मग झालं. या आता आपण. दार लोटून घ्या.