शेवटचं बोटभर अंतर

(मोंटाना. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम उद्या सुरू होणार. घरामागच्या शेडमध्ये म्हातारा ऑरिन आणि त्याची मुलगी रोवेना, उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी प्रेसमध्ये दाबून मापात आणतायत.)

रोवेना : पुन्हा अडकली. बंदुकीचा बोल्ट बंदच होत नाही, बाबा.

ऑरिन : जोर लाव जरा.

रोवेना : रिकामी पुंगळी आहे ही, अलगद बसायला हवी. चौथी झाली.

ऑरिन : तुझ्या विल्बरमामाची असणार. दुसऱ्याच्या बंदुकीत फुगलेल्या पुंगळ्या माझ्या गळ्यात मारल्या त्यानं.

रोवेना : मामाच्या सगळ्या तुम्ही गेल्या वर्षीच नदीत फेकल्यात. ह्या मी आणलेल्या खोक्यातल्या. याच बंदुकीतून उडवलेल्या, तुमच्याच हातून.

ऑरिन : मग प्रेसमधला साचा सैल झाला असेल. सरक बघू.

रोवेना : बघितला मी, घट्ट आहे. बसा ना हो! मघापासून नुसत्या येरझाऱ्या चालल्यात तुमच्या.

ऑरिन : उद्या उजाडायच्या आत डोंगरावर असायला हवं आणि तू म्हणतेस बसा!

रोवेना : बरं, उभे राहा. पण एक पुंगळी माझ्यादेखत दाबा.

ऑरिन : चाळीस वर्षं दाबतोय मी.

रोवेना : मग एकेचाळिसाव्या वर्षी एक दाबा की.

ऑरिन : ...हे घे. झाली.

रोवेना : हँडल तिथंच धरा. सोडू नका. हे बघा, खाली अजून बोटभर जागा आहे.

ऑरिन : तेवढ्यानं काय होतंय?

रोवेना : तुम्हीच शिकवलंत मला. साच्यात पूर्ण गेली नाही, तर पुंगळी नुसती बाजूनं आवळते आणि वर लांबते. आता मी दाबते... ही बघा. आणि हा बोल्ट.

ऑरिन : बसली?

रोवेना : लोण्यासारखी.

ऑरिन : दुसरी लाव.

रोवेना : हीसुद्धा बसली. बाबा, दोन वर्षांपूर्वी घोड्यावरून पडल्यापासून तुमच्या खांद्यात जोर नाही, हँडल पूर्ण खाली जात नाही. कोटसुद्धा आई चढवते तुम्हाला.

ऑरिन : खांद्याचं मला सांगू नकोस.

रोवेना : गेल्या हंगामातल्या पुंगळ्या कोणी दाबल्या होत्या?

ऑरिन : मी. पहिली गोळी पोटात लागली गं त्या एल्कला. वळून माझ्याकडं बघत उभा होता. दुसरी गोळी आत जाईना. मी बोल्टवर बुक्क्या मारतोय, आणि तो लंगडत झाडीत शिरला. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवला. सगळं मांस नासलेलं.

रोवेना : माहितेय मला.

ऑरिन : आणि मी विल्बरला, भर जेवणात, सगळ्यांसमोर...

रोवेना : ‘तुझ्या हलगर्जीपणानं जनावर हाल होऊन मेलं,’ म्हणालात. मामा ताट तसंच ठेवून उठला.

ऑरिन : एक शब्द बोलला नाही तो.

रोवेना : काय बोलणार? त्यालाही तेच वाटलं असेल. वर्षभर मनाला खात असेल त्याच्या.

ऑरिन : माझी टोपी कुठाय?

रोवेना : फोन करा ना.

ऑरिन : फोनवर नाही जमायचं मला. तू राहिलेल्या दाबून घे. सगळ्या. मी दाबलेल्याही पुन्हा.

रोवेना : आणि उद्या?

ऑरिन : उद्या बंदूक तू घे. मी आणि विल्बर मागून चालू. आला तर.

रोवेना : येईल.

ऑरिन : दार तरी उघडेल का गं तो?

रोवेना : मामी उघडेल.