आडवी न आलेली गाय

आमचे पूर्वज मैसूरच्या राजांचे घोडेस्वार आणि मी देवराज मोहल्ल्यात शर्ट शिवतो, आता काय सांगू तुम्हाला. सरस्वतीपुरमच्या घरात आम्ही पाच भावंडं ओळीनं झोपायचो, पलीकडं वडील घोरायचे, ते ऐकलं की वाटायचं दारावर पहारा हाय, सुम्ने, गपचूप निवांत झोपा. आई म्हणायची, घोरणारा पुरुष म्हणजे स्वाराचं रक्त. दुपारी बोलता बोलता डुलकी लागून वडिलांची मान पडायची, त्याचंही आम्हाला कौतुकच. अजून तो आवाज आठवला की डोळे भरतात बगा.

मीही घोरायला लागलो तेव्हा अभिमानच वाटला. मशीनवर डुलकी लागायची, बाही उलटी जोडायचो, गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो.

सहा वर्षांपूर्वी नंजनगूडहून दर्शन घेऊन येताना, भर सकाळी, स्कूटर चालवता चालवता माझा डोळा लागला. मागं माझी बायको शारदा. तिचा गुडघा कायमचा गेला. लोक जमले, काय झालं म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघालं, गाय आडवी आली. मागं बसलेली, तिला पुढचं काय दिसलं न्हवतं, तिनं तेच धरलं. तेव्हापासून लंगडत नंजनगूडला जायची, गायीला तिथली गोड रसबाळे केळी चारायची, भेटेल त्याला सांगायची, माझा पाय गेला पण मुकं जनावर वाचलं. मी पिशवी धरून बाजूला उभा.

मग एकदा कात्री हातात असतानाच डुलकी लागली, तळहात कापला. शारदानं डॉक्टरांकडं नेलं. झोपेची तपासणी झाली, झोपेत श्वास अडकतो म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, गाडी चालवताना कधी झोप लागली? मी न्हाई म्हणालो. शारदाच मधे बोलली, अय्यो न्हाई डॉक्टर, हे फार जपून चालवतात, एकदा पडलो ते गायीमुळं. मला राहवलं न्हाई. म्हणालो, गाय नव्हती.

रिक्षानं दोघं घरी आलो. फाटक उघडताना म्हणाली, अहो, मग सहा वर्षं मी कशापायी केळी चारली?

पुढं माझ्या तोंडातल्या टाळूवर उपचार झाला, भूल घशापुरतीच, सुईनं आतून उष्णता देऊन सैल टाळू घट्ट करतात, संध्याकाळी घरी. आठवडाभर घसा दुखला. दहीभात मऊ कालवून पुढ्यात ठेवायची, पण बोलायची न्हाई.

परत तपासणी करून डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवा. घोरणं गेलं. वडिलांचा पहारा माझ्यापाशी संपला, त्याचं वाईट वाटतं, आता खोटं कशाला बोलू. गेल्या सोमवारी तीच म्हणाली, चला नंजनगूडला. स्कूटरवर वाटेभर पाठीत बोट टोचत होती, जागं हायसा न्हवं? हाय गं. देवळापाशी गायीपुढं केळ्यांची फणी माझ्या हातात दिली, म्हणाली, आता तुम्ही चारा. चारली. येतानाही टोचत होती. टोचू दे. ती मागं बसली, एवढं पुष्कळ दिलं देवानं.